‘झालं, सोडा!’ म्हणायचं कोणी?

मार्च २०२४च्या अखेरीस आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरच्या लक्षात आलं, की एका यंत्रावर दुरून लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. तुम्ही-आम्ही ‘नेट स्लो असेल’ म्हणून सोडून दिलं असतं. हा गृहस्थ त्या अर्ध्या सेकंदाच्या हात धुऊन मागे लागला आणि २९ मार्चला त्याने जाहीर केलं, की ‘एक्सझेड’ या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कोणीतरी चोरदरवाजा बसवला आहे. एक्सझेडचं काम साधं: फायली दाबून लहान करणं. पण लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर चालणाऱ्या जवळपास प्रत्येक संगणकाच्या पोटात ते असतं, आणि ते वर्षानुवर्षं सांभाळत होता एकच माणूस, तोही फावल्या वेळात, बिनपगारी.

पुढची कहाणी हेरकथेसारखी गाजली. ‘जिया टॅन’ हे नाव लावणारं कोणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ इमानेइतबारे मदत करत राहिलं. दमलेल्या मेंटेनरचा, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याचा, विश्वास त्याने मिळवला आणि अखेर नव्या आवृत्त्या सोडण्याचा अधिकारही. या गदारोळात एक कोरडा तपशील मागे पडला. चोरदरवाजाचे सुटे भाग चाचणीच्या फायली म्हणून सगळ्यांसमोर ठेवलेले होते. पण ते भाग जोडून दरवाजा बसवणाऱ्या ओळी सार्वजनिक कोडमध्ये नव्हत्याच. त्या होत्या फक्त डाउनलोड करायच्या तयार पुडक्यात.

म्हणजे सार्वजनिक कोड कोणी डोळ्यांत तेल घालून वाचला असता, तरी त्या ओळी त्याला सापडल्या नसत्या. तपासायची वस्तू एक आणि वाटलेली वस्तू दुसरी. या दोन वस्तूंमधल्या फटीवर पहारा ठेवणारे जे नियम, ती रिलीजची कार्यपद्धती. विषय रटाळ वाटतो, कबूल. मलाही एका रात्रीपर्यंत वाटायचा. त्या रात्रीबद्दल पुढे सांगतो.

## टेबलावरचे कागद आणि छापलेला अंक

एखाद्या मासिकाच्या संपादकाचं टेबल डोळ्यांसमोर आणा. अर्धवट तपासलेले लेख, खाडाखोड, ‘हा परिच्छेद काढू का?’ अशा चिठ्ठ्या. हे टेबल कधीच स्वच्छ नसतं आणि असायची गरजही नाही. पण एका दिवशी त्यातलेच काही कागद छपाईला जातात, अंकावर क्रमांक पडतो आणि तो वाचकांच्या हाती पोचतो. त्यानंतर टेबलावर काय चाललंय याच्याशी वाचकाला देणंघेणं नसतं. त्याच्या हातात आहे तोच अंक.

सॉफ्टवेअर प्रकल्पात या टेबलाला रेपो म्हणतात: सगळ्यांचं सामायिक कोड-कोठार, ज्यात ठिकठिकाणची माणसं रोज भर घालतात आणि खोडतात. त्यातली एक ठरावीक अवस्था निवडायची, तिला क्रमांक द्यायचा, तिचं पुडकं बांधायचं आणि ‘हे वापरा’ म्हणून जाहीर करायचं, हे रिलीज. पुष्कळ प्रकल्पांत क्रमांकाचे तीन आकडे असतात. शेवटचा वाढला तर फक्त दुरुस्त्या झाल्या, मधला वाढला तर नवं काही आलं पण जुनं शाबूत आहे, पहिला वाढला तर सावध व्हा, जुन्या सवयी मोडू शकतात. सगळेच हा संकेत पाळतात असं नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, पहिला आकडा वाढतो तो मधला फार मोठा दिसायला लागला म्हणून. त्यात दुसरा काही अर्थ शोधू नये.

क्रमांक म्हणजे शब्द दिल्यासारखं असतं. ‘२.३.१’ म्हटलं की कुठेही, कुणाकडेही, तेच आणि तेवढंच पुडकं असायला हवं. ऐकायला सोपं आहे. आता माझी फजिती ऐका.

## त्या रात्रीची गोष्ट

घरातल्या पुस्तकांची यादी ठेवणारा एक छोटा प्रोग्राम आम्ही पाचजण मिळून चालवायचो. रिलीज करायचो मी. कसं करायचो, हे फक्त माझ्या डोक्यात होतं. एका रात्री अकराच्या सुमारास मी माझ्या संगणकावरचं फोल्डर उचललं, त्याचं पुडकं बांधलं, क्रमांक घातला, साइटवर चढवलं आणि झोपलो.

सकाळी उठून पाहतो तर तक्रारींचा ढीग. प्रोग्राम सुरू होतो आणि लगेच बंद पडतो. माझ्याकडे मात्र मख्खन चालत होता. कारण शोधायला अर्धा तास गेला: माझ्या फोल्डरमध्ये चाचणीसाठी केलेली एक सेटिंगची फाईल होती, तीही पुडक्यात गेली होती. ती रेपोत नव्हती, त्यामुळे बाकी चौघांनी ती कधी पाहिलीच नव्हती. तिच्यात माझ्या संगणकावरच्या एका फोल्डरचा पत्ता होता, आणि आता प्रत्येकाकडचा प्रोग्राम ते माझं फोल्डर त्यांच्या संगणकावर शोधत होता.

इथवरची चूक कोणाच्याही हातून होते. खरा घोळ मी पुढे घातला. लाज वाटली म्हणून गुपचूप ती फाईल काढली, पुडकं पुन्हा बांधलं आणि *त्याच* क्रमांकाने जुन्याच्या जागी ठेवून दिलं. कोणाला काय कळतंय!

दुसऱ्या दिवशी एका लिनक्स वितरणासाठी, म्हणजे लिनक्स आणि सोबतची सॉफ्टवेअर एकत्र करून देणाऱ्या संचासाठी, आमचा प्रोग्राम बांधणाऱ्या बाईंचा निरोप आला. शब्द सौम्य होते, पण वाचून घाम फुटला: ‘परवाच्या आणि आजच्या पुडक्याचा चेकसम जुळत नाही. तुमच्या सर्व्हरवर कोणी घुसलं आहे का?’ चेकसम म्हणजे फाईलीचा बोटाचा ठसा. आत एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. एकाच क्रमांकाची दोन पुडकी फिरायला लागली की बाहेरच्याला घुसखोरीचाच संशय येणार, आणि तो यायलाच हवा. घुसखोर मीच होतो, हे सांगताना जी तारांबळ उडाली ती अजून आठवते.

यावरचा नियम एका ओळीचा आहे: बाहेर पडलेलं पुडकं बदलायचं नाही, चूक झाली तर पुढचा क्रमांक काढायचा. क्रमांक फुकट असतात.

मोठ्यांनाही हे धडे असेच मिळाले आहेत. डेबियन या पूर्णपणे स्वयंसेवकांनी चालवलेल्या लिनक्स वितरणाची १.० नावाची अधिकृत आवृत्ती अस्तित्वातच नाही. १९९५च्या अखेरीस सीडी विकणाऱ्या एका कंपनीने अर्धवट अवस्थेतला डेबियन ‘१.०’ म्हणून विकायला काढला. खरी १.० काढली असती तर कुठली कोणती हे कोणालाच कळलं नसतं. म्हणून प्रकल्पाने तो आकडाच सोडून दिला आणि १९९६ मध्ये थेट १.१ काढली. पुढे २००५ मध्ये त्यांच्या ३.१ आवृत्तीच्या सीडींमध्ये दोष निघाला: त्यांवरून बसवलेल्या संगणकांना सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप मिळणार नव्हत्या, कारण त्या दुरुस्त्या कुठून घ्यायच्या हे सांगणारी सेटिंगमधली ओळ चुकून निष्क्रिय राहिली होती. तीन वर्षांची तयारी आणि शेवटच्या पायरीला ठेच! पण त्यांनी माझ्यासारखी लपवाछपवी केली नाही. ‘३.१आर०’च्या जागी ‘३.१आर०ए’ अशा नव्या नावाने सीडी काढल्या आणि दोष जाहीरपणे सांगितला.

## मग ‘तयार आहे’ हे ठरवतं कोण?

कंपनीत हे सोपं आहे. साहेब म्हणाले शुक्रवारी जायला हवं, की शुक्रवारी जातं; बरं जातं की वाईट, तो प्रश्न वेगळा. स्वयंसेवी प्रकल्पात साहेबच नसतो. पगार नाही, त्यामुळे पगार कापायची भीती नाही. कोणावर हुकूम चालत नाही. अशा ठिकाणी शेवटचा शब्द कुठून तरी यावा लागतो, आणि तो माणसाकडून आला की भांडण होतं. म्हणून तो कागदाकडून यावा अशी व्यवस्था करतात.

अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअर चालवणाऱ्या संस्थेच्या प्रकल्पांतली पद्धत मला फार आवडते. तिथे रिलीजवर मतदान होतं. निदान ७२ तास मतपेटी उघडी ठेवायची, म्हणजे घड्याळाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या माणसाला झोपून-उठून मत देता येईल. प्रकल्प समितीच्या किमान तीन सदस्यांची ‘+१’ अशी मतं हवीत, आणि विरोधापेक्षा होकार जास्त हवेत. ‘+१’ देण्याआधी मतदाराने पुडकं स्वतःच्या यंत्रावर उतरवून, त्यावरची डिजिटल सही (पुडकं खरंच प्रकल्पाकडून आल्याची खूण) तपासून, ते स्वतः बांधून चालवून पाहिलेलं असलं पाहिजे. ‘चांगलं दिसतंय’ म्हणून हात वर करणं म्हणजे मत नव्हे.

त्यात एक खोच आहे. कोडमधल्या एखाद्या बदलाला तिथे एकटा माणूस सकारण नकाराधिकार वापरून अडवू शकतो. रिलीजला मात्र कोणालाच नकाराधिकार नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे उलटं वाटलं. रिलीज जास्त गंभीर, तिथे नकार जास्त भक्कम हवा ना? विचार केल्यावर पटलं. बदल अडला तर एक बदल अडतो. रिलीज अडवण्याचा हक्क एकाच्या हाती दिला, तर सगळ्यांचं काम त्या एकाच्या मर्जीवर लटकतं.

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेच्या मंडळींनी दुसरीच वाट धरली. २००९च्या अखेरपासून त्यांनी विकासातल्या आवृत्त्या दर महिन्याच्या २० तारखेच्या आसपास काढायला सुरुवात केली आणि दर महिन्याला रिलीज करणारा माणूस वेगळा ठेवला. हे जमायचं तर ‘कसं करायचं’ हे एकाच्या डोक्यात राहून चालणार नव्हतं. म्हणून पायरी-पायरीची लांबलचक मार्गदर्शिका कोडच्या सोबतच ठेवलेली असते. तिच्यात एक गमतीची पायरीही आहे: घोषणेसोबत एखादं साहित्यातलं अवतरण द्यायचं. महिनाभराच्या कंटाळवाण्या कामाचा तेवढाच मोबदला.

## तारखेला निघायचं की भरल्यावर?

गाड्या दोन प्रकारच्या असतात. एक वेळ झाली की सुटते, तुम्ही फलाटावर असा किंवा नसा. दुसरी सगळ्या जागा भरल्यावर. सॉफ्टवेअर बाबतीत बहुतेकांचा कल सहजच दुसरीकडे जातो: ‘तयार झालं की काढू, घाई कशाला?’ शहाणपणाचं वाटतं. अडचण एवढीच, की भरल्यावर सुटणाऱ्या गाडीतले बसलेले प्रवासी कंटाळून उतरायला लागतात.

डेबियनची ३.० आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली आणि त्यानंतरची ३.१ थेट जून २००५ मध्ये. मधल्या तीन वर्षांत वापरणाऱ्यांना जुनंच पुरवून पुरवून वापरावं लागलं. असं का होतं? पुढची गाडी कधी येईल याचा भरवसा नसला की प्रत्येकजण आपलं काम याच गाडीत कोंबायला बघतो. कोंबलं की नवे बग निघतात, बग निघाले की गाडी थांबते, गाडी थांबली की आणखी चार जणांना वाटतं, थांबलीच आहे तर आपलंही घुसवू. हे चक्र कोणाच्या आळसामुळे फिरत नाही. उत्साहामुळे फिरतं, म्हणून तर ते थांबवणं अवघड.

तारखेची गाडी हे चक्र तोडते. ग्नोम या डेस्कटॉपच्या आवृत्त्या वीस वर्षांहून जास्त काळ दर सहा महिन्यांनी येताहेत. पायथन भाषेने ३.९ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२० पासून, दरवर्षी ऑक्टोबरमध्ये नवी आवृत्ती हा नेम धरला. त्याआधी हे अंतर साधारण दीड वर्षाचं होतं. लिनक्सच्या कर्नलमध्ये नवं काम घ्यायची खिडकी फक्त दोन आठवडे उघडी असते. मग दर आठवड्याला एक चाचणी-आवृत्ती, आणि नऊ-दहा आठवड्यांनी पक्की आवृत्ती. खिडकी चुकली तर पुढच्या खेपेला या. (कर्नलवर काम करणाऱ्या बहुतेकांना कुठली ना कुठली कंपनी पगार देते, हे खरं. पण लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्स त्या कंपन्यांचा साहेब नाही. त्यामुळे प्रश्न तोच राहतो.) दोन महिन्यांनी पुढची गाडी नक्की आहे हे माहीत असलं, की आज मागे राहिल्याचं कोणी मनाला लावून घेत नाही.

निघण्याआधी काही काळ दारं बंद करतात. याला फ्रीज म्हणजे गोठवणं म्हणतात: नवं काही घ्यायचं नाही, फक्त दुरुस्त्या. डेबियनमध्ये हे टप्प्याटप्प्याने घट्ट होत जातं. त्यांच्या बाराव्या आवृत्तीसाठी गोठवणं जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं आणि आवृत्ती १० जूनला आली. पाच महिने! शिवाय काही बग ‘हे असेपर्यंत रिलीज नाही’ या वर्गात मोडतात, आणि असा बग कोणी वेळेत दुरुस्त केला नाही तर फारसं कळीचं नसलेलं पॅकेज यादीतून आपोआप गळतं. इथे यंत्राने काढलं याचा फायदा होतो. माणसाने काढलं असतं तर ‘माझंच का काढलं?’ हा वाद महिनाभर पुरला असता.

एक गोष्ट जाता जाता, कारण मी काही वर्षं भाषांतरंही केली आहेत. चांगल्या प्रकल्पात मजकूरही वेगळा गोठवतात: बटणांवरचे, सूचनांचे शब्द बदलायचे नाहीत, म्हणजे भाषांतर करणाऱ्यांना श्वास घ्यायला वेळ मिळतो. प्रोग्रामर मंडळी हा नियम सगळ्यांत सहज मोडतात. ‘एकच शब्द तर बदलला!’ तो एक शब्द चाळीस भाषांत बदलायचा असतो, महाराज.

## ‘हौसेचं काम, त्यात ही नोकरशाही कशाला?’

हा आक्षेप नेहमीचा आहे आणि अगदीच चुकीचा नाही. निरर्थक कागदांनी चांगली माणसं पळतात. पण प्रक्रिया नसेल तर काय होतं तेही पाहा. रिलीजच्या आदल्या संध्याकाळी कोणीतरी दहा दिवस खपून लिहिलेलं नवं काम घेऊन येतो. ‘घ्या ना, छोटंसंच आहे.’ नाही म्हणायचं कोणी? जो म्हणेल तो खडूस ठरतो. दोस्तीखातर हो म्हटलं, तर त्या ‘छोट्याशा’मुळे दुसऱ्या दिवशी शंभर जणांचं काम अडतं.

कागदावर ‘१५ तारखेनंतर नवं काम नाही’ असं आधीच लिहिलेलं असलं की नकार माणसाकडून येत नाही. ‘मला आवडलं, पण दार १५लाच बंद झालं, पुढच्या खेपेला पहिलं तुझं.’ दोघंही हसत घरी जातात. बिनपगारी कामात माणसं टिकतात ती एकमेकांच्या बऱ्या संबंधांवर, आणि हा कागद ते संबंध वाचवतो.

अट मात्र एक आहे, आणि ती फार ठिकाणी पाळली जात नाही. कागद संस्थापकालाही लागू हवा. ज्याने नियम लिहिला तोच ‘माझं तेवढं घेतो’ म्हणून गोठवल्यानंतर कोड घुसवू लागला, की पुढच्या खेपेला तो नियम कोणीच वाचत नाही. अपवाद हवाच असेल तर मागायचा, कारण लिहायचं, दुसऱ्या कोणी मंजूर करायचा. आणि नियम पटत नसेल तर बदलायचा, पण रिलीज पार पडल्यावर, डोकी थंड असताना. ऐन सामन्यात रेषा हलवायची नसते.

## ‘मग पैसे देऊन करून घ्या की’

डेबियनमध्ये हाही प्रयोग होऊन गेला. २००६ मध्ये, पुढची आवृत्ती डिसेंबरच्या ठरल्या तारखेला यावी म्हणून, ‘डंक-टँक’ नावाने निधी उभारून रिलीज सांभाळणाऱ्या दोघांना काही काळ पूर्णवेळ पैसे द्यायचं ठरलं. हेतू सरळ होता. पण हजारभर माणसं फुकट राबत असताना दोघांनाच पैसे का, यावरून मोठं वादळ उठलं, आणि काही डेव्हलपर्सनी आपण हात आखडता घेत असल्याचं उघड सांगितलं. आवृत्ती आली ८ एप्रिल २००७ला. उशीर त्या वादामुळेच झाला असं छातीठोक म्हणता येणार नाही; मोठ्या रिलीजला उशीर व्हायला शंभर कारणं असतात.

माझं मत विचाराल तर पैशाला माझा विरोध नाही. एक्सझेडच्या एकट्या मेंटेनरला वेळेवर आधार मिळाला असता तर बरंच झालं असतं. फक्त पैशाने हात मिळतात, मान्यता मिळत नाही. ‘हे रिलीज आपलं सगळ्यांचं’ असं बाकीच्यांना वाटण्यासाठी निर्णय कसा झाला ते त्यांना दिसावं लागतं.

## ‘हे सगळं संगणकच का करत नाही?’

पुष्कळसं करतो, आणि करावं. पुडकं बांधणं, चाचण्या चालवणं, क्रमांक सगळीकडे सारखा पडला का ते बघणं ही कामं रात्री अकरा वाजता माणसाने करूच नयेत. मी केली तर काय झालं ते तुम्ही वाचलंत. निदान पुडकं स्वतःच्या फोल्डरमधून न बांधता रेपोतून नव्याने उतरवलेल्या कोऱ्या प्रतीतून बांधायचं, एवढं जरी यंत्रावर सोपवलं तरी माझ्यासारखे अपघात टळतात.

मुद्दाम केलेली लबाडी तेवढ्याने पकडली जात नाही. तिच्यासाठी आणखी एक युक्ती आहे, जिच्यावर डेबियनची मंडळी २०१३ पासून खपताहेत. त्याच कोडपासून, त्याच पायऱ्यांनी, कोणीही कुठेही पुडकं बांधलं तरी ते अक्षरशः शेवटच्या बिटपर्यंत तेच निघायला हवं. मग एका अनोळखी माणसाने आपल्या यंत्रावर बांधून ठसा जुळवून पाहिला की काम झालं. ऐकायला सोपं, करायला किचकट, कारण पुडक्यात वेळ, तारीख, फायलींचा क्रम अशा बारीकसारीक गोष्टी नकळत शिरतात. शिवाय कोड रेपोतूनच घेतला पाहिजे. एक्सझेडच्या वेळी वितरणांनी तयार पुडकंच कच्चा माल म्हणून उचललं होतं. विषारी कच्च्या मालापासून दहा जणांनी बांधलं तरी दहाही ठसे छान जुळतील.

आणि त्या वेळी वाचवलं कशाने, हेही लक्षात घ्या. बिघडलेली पुडकी डेबियनच्या चाचणीतल्या शाखांपर्यंत पोचली होती. स्थिर आवृत्तीत, म्हणजे बहुतेकांचे सर्व्हर जिच्यावर चालतात तिच्यात, ती गेलीच नव्हती. ‘नवं काही आधी वेगळ्या खोलीत ठेवायचं’ हा जुनाच, कंटाळवाणा नियम. त्या खोलीत फ्रॉइंडचा अर्धा सेकंद सापडला.

## घर पेटलंय, आता कसली प्रक्रिया?

सुरक्षेची त्रुटी सापडली की थांबायला वेळ नसतो, हे खरं. म्हणूनच घाईची प्रक्रिया निवांत वेळी लिहून ठेवायची असते: कोणाला खासगीत कळवायचं, दुरुस्ती कोण तपासणार, सगळ्यांना एकदम कधी सांगायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, त्या आवृत्तीत दुरुस्तीखेरीज दुसरं काही घालायचं नाही. लोकांनी डोळे मिटून ती बसवावी असं वाटत असेल, तर तिच्यात आश्चर्यं नकोत.

पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस छोट्या दुरुस्त्यांच्या आवृत्त्या ठरलेल्या वेळापत्रकाने काढतो: फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. १४ नोव्हेंबर २०२४ला १७.१ आली आणि पाठोपाठ कळलं, की तिच्यातल्या एका बदलामुळे काही जोड-सॉफ्टवेअर अडखळताहेत. त्यांनी वेळापत्रक सोडून २१ तारखेला १७.२ काढली. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत थांबले नाहीत, आणि १७.१चं पुडकं हळूच बदललंही नाही. एका आठवड्यात हे जमलं, कारण वेळापत्रकाबाहेर जायची वाटही त्यांच्याकडे आधीपासून मळलेली होती.

## ‘आमच्या तिघांच्या प्रकल्पाला हे झेपेल का?’

मतदान, गोठवणं, रिलीज समिती हे सगळं तिघांनी केलं तर हसू होईल. तिघांना एक पान पुरतं. आम्हा पाचजणांचं पान मी त्या फजितीनंतरच्या आठवड्यात लिहिलं. त्याच्या सतरा ओळी होत्या. लिहिताना कळलं, की त्यातल्या निम्म्या गोष्टी मी सवयीने करायचो आणि दोन तर कधीच करत नव्हतो, नुसती समजूत होती. ‘असं करायला हवं’ ते न लिहिता ‘असं आपण खरंच करतो’ ते लिहा, असं मी आता सगळ्यांना सांगतो. आदर्श पान कोणी उघडत नाही.

चार महिन्यांनी मी प्रवासात होतो आणि एक आवृत्ती काढायची होती. आमच्यात नव्याने आलेला मुलगा म्हणाला, ‘दादा, पान आहे ना, मी करतो.’ मी फोन बंद करून झोपलो, म्हणजे झोपायचा प्रयत्न केला. सकाळी त्याचा निरोप आलेला होता: ‘झालं. पण नवव्या ओळीवर पाऊण तास अडकलो. तुम्ही पुडक्यावर सही करा असं लिहिलंय, पण सहीची किल्ली फक्त तुमच्या लॅपटॉपवर आहे. शेवटी मी माझी किल्ली केली, बाकीच्यांपैकी दोघांनी ती तपासली, आणि घोषणेत तसं लिहिलं. नववी ओळ बदललीये, बघून घ्या.’